कोण आहे त्यात?

फारसा कुणाला माहीत नसलेला विनोदी पिक्चर बघा म्हटलं, की लोकांचा प्रश्न ठरलेला: "कोण आहे त्यात?" अरे, हसायला ओळखीचा चेहरा कशाला लागतो?

आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांनीही तेच विचारलं. पिक्चर एका खडूस सेक्रेटरीवरचा. पार्किंग आणि जिन्यातल्या कुंड्यांवरून तो दिवसभर भांडत असतो. माझं डोकं सटकलं. म्हटलं, "काका, तुम्हीच आहात त्यात. बघाच."

दुसऱ्या दिवशी काका लिफ्टमध्ये भेटले, एकदम खूश.

"झकास पिक्चर रे! पोट धरून हसलो. सेक्रेटरी बिचारा बरोबरच बोलतो. पण वरच्या मजल्यावरचा तो आगाऊ माणूस, न विचारता सगळ्यांना अक्कल शिकवत फिरतो ना, तो अगदी तू!"