कुलूपबंद भाडेकरू

एजंटाने मला फसवलं. "काका, कंपनीतला साहेब आहे, कागद चोख, कटकट नाही," म्हणाला. भाडं वेळेवर येतं, पण साहेब राहायलाच आला नाही. वरच्या खोल्यांना कुलूप आहे. आज शेजारच्या गॅलरीत ओले कपडे दिसले आणि बदली होऊन गेलेल्या आधीच्या भाडेकरू नर्सबाई आठवल्या. माझ्या गॅलरीत त्या लेकीचे गणवेश वाळत घालायच्या आणि वरूनच ओरडायच्या, "मालक, नळ गळतोय! येताय, की मीच प्लंबर होऊ?" मी चिडायचो. आता जिना चढताना कान तोच आवाज शोधतात. पगार पाहिला, ओळखपत्र पाहिलं. दूध उतू घालून राहायला कधी येणार, हे मात्र एजंटाने विचारूच दिलं नाही. टपरी चालवून बांधलेल्या माझ्या घरात फोडणीचा वास येत नाही, याचा जाब त्याने द्यावा!