रमेशने बदललेला कोपरा

रमेश विकला गेला, असं हॅनोव्हरात बोललं जायचं. कुणी म्हणे, नेकारसुल्मच्या सुमेधाताईंच्या नवऱ्याने त्याला तिकडच्या मोटारींच्या कारखान्यात चिकटवून द्यायचं कबूल केलं, म्हणून त्याने ऐनवेळी कोपरा बदलला. कुणाच्या मते सौदा हापूसच्या पेट्यांवरच मिटला. मला ही हापूसची आवृत्ती जास्त आवडायची. स्वतःसाठी आंबे मागण्याइतकी धमक रमेशमध्ये असती, तर त्याचं पुढचं सगळंच टळलं असतं.

माणूस मुलखाचा भिडस्त. रबरी सील बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनिअर. कुणी घर बदललं की वॉशिंग मशीनची जड बाजू रमेशच्या हातात. व्हिसासाठी आउसलेंडरबेहोर्डेत, परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत, जायचं असलं की सोबतीला रमेश. गणपतीच्या आरतीला सगळ्यात मागे उभा आणि पातेली घासायला सगळ्यात पुढे. शशिकांतराव हे आमच्या मंडळाचे जुने अध्यक्ष. रमेश नवा नवा आला, तेव्हा घर मिळेपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. पुढे बायको मीनल आली, स्पृहा झाली. मीनल शशिकांतरावांना भाऊजी म्हणायची. त्या तिघांचं परदेशातलं सासर-माहेर म्हणजे ते एक घर.

दोन हजार सोळा साली जर्मनीतल्या मराठी मंडळांनी एक महामंडळ काढायचं ठरवलं. अध्यक्षपदाला तिघं उभी राहिली: आमचे शशिकांतराव, र्युसेल्सहाइमचे विनय आणि नेकारसुल्मच्या सुमेधाताई. प्रत्येक गावाने आपले प्रतिनिधी पाठवायचे आणि त्यांनी अध्यक्ष निवडायचा. पण गावाचे प्रतिनिधी ठरवायचे कसे? व्हॉट्सॲपवर मतं मागवून पाहिली, तर एका गृहस्थांनी पुण्याला असलेल्या सासूबाईंचंही मत देऊन टाकलं.

तेव्हा रमेशने बैठकीत पहिल्यांदा तोंड उघडलं, आणि तेच त्याला भोवलं. जर्मनीत येण्याआधी तो तीन वर्षं अमेरिकेत, आयोवा राज्यात होता. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला चिठ्ठी टाकत नाहीत, म्हणाला. गल्लीगल्लीतले लोक शाळेच्या हॉलमध्ये जमतात. ज्याला जो उमेदवार पसंत, त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. मग डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात पंधरा टक्केसुद्धा लोक नाहीत तो कोपरा बाद. त्यातल्यांनी दुसरीकडे जायचं, नाहीतर दुसरीकडची माणसं आपल्याकडे ओढायची. पुन्हा मोजणी, आणि ज्याचा कोपरा जेवढा मोठा त्याला तेवढे प्रतिनिधी. ते प्रतिनिधी जिल्ह्याला, तिथून निवडलेले राज्याला आणि शेवटी देशाच्या अधिवेशनाला जातात. "आणि झाल्यावर सगळे एकत्र बसून केक खातात," असंही त्याने सांगितलं. ते वाक्य आमच्या लोकांनी नीट ऐकलं नाही.

मार्चमधल्या एका रविवारी फेराइनच्या, म्हणजे मंडळाच्या हॉलमध्ये आम्ही चाळीस जण जमलो. आता, भर सभेत आपला कोपरा निवडणं हा मराठी माणसाला झेपणारा खेळ आहे का? साहेब जिकडे, तिकडे हाताखालचा. एका सुनेचे सासरे हवापालटाला आलेले, त्यांना मत नव्हतंच. ते बिचारे थंडी वाजते म्हणून विनयच्या कोपऱ्यातल्या हीटरला टेकून बसले. त्यांच्याकडे पाठ कशी करायची म्हणून सूनही तिथेच उभी राहिली. नवरा पलीकडून डोळे वटारत होता.

पहिल्या मोजणीत शशिकांतरावांकडे एकवीस, विनयकडे चौदा आणि सुमेधाताईंकडे पाच निघाले. चाळिसाचे पंधरा टक्के म्हणजे सहा. सुमेधाताईंचा कोपरा एका माणसाने बाद होत होता आणि ते पाचही जण विनयकडे जाणार, हे दिसतच होतं. हॅनोव्हरला प्रतिनिधी चार. एकोणिसाला एकवीस म्हटल्यावर दोघांना दोन-दोन.

दुसऱ्या मोजणीआधी चहा झाला. चहानंतर रमेश शशिकांतरावांच्या कोपऱ्यातून निघाला, खाली मान घालून हॉल ओलांडला आणि सुमेधाताईंच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

सुमेधाताईंचे सहा झाले, त्यांना एक प्रतिनिधी मिळाला. विनयला एकच उरला. शशिकांतरावांना विसावर दोन मिळाले, म्हणजे जेवढे मिळणार होते तेवढेच. पण सगळे इंजिनिअर असून हा हिशेब कुणी केला नाही. विनयची माणसं रमेशवर चिडली कारण त्यांचा एक गेला. आपली चिडली कारण आपला माणूस गेला. सप्टेंबरात एका प्रतिनिधीच्या फरकाने शशिकांतराव महामंडळाचे अध्यक्ष झाले, तरी राग तिथेच राहिला.

भांडण कुणी केलं नाही. आमच्यात ते करत नाहीत. नुसती बोलावणी थांबली. हळदीकुंकवाचा निरोप मीनलला दुसऱ्या दिवशी फोटोंतून कळायचा. गणपतीत पातेली घासायला रमेश गेला, तर "राहू दे, आम्ही करतो" म्हणून कुणीतरी त्याच्या हातातला काथ्या काढून घेतला. मला तेवढं एक बघवलं नाही. स्पृहाच्या वाढदिवसाला वर्गातल्या दोन जर्मन मुली तेवढ्या आल्या. "वारुम कॉम्ट शशिकाका निश्त?" तिने विचारलं. शशिकाका का येत नाही, याचं उत्तर म्हणून मीनलने केकचा आणखी एक तुकडा तिच्या ताटलीत ठेवला.

तिने नवऱ्याला विचारून पाहिलं. तुम्ही तिकडे का गेलात? तो दर वेळी एकच सांगायचा, "शशिकांतराव सांगतील." सांगायचं ते त्यांनी, आपण बोललो तर बरं दिसत नाही. अख्ख्या हॅनोव्हरात आपलं घर पुन्हा आपलं व्हायला त्यांच्या तोंडचं एक वाक्य पुरेल, एवढं मीनलला कळलं होतं. ते वाक्य वर्षभर आलं नाही.

सतराच्या वसंतात रमेशला नेकारसुल्मला नोकरी लागली. झालं, अफवेला हवी होती तशी पावती मिळाली. तरी मंडळाने निरोपाचा कार्यक्रम केला, कारण शाल-श्रीफळ आम्ही कुणालाही देतो. अध्यक्ष म्हणून शशिकांतराव बोलले, आणि छान बोलले. रमेशची सेवा, रमेशचा साधेपणा, रमेशने उचललेली वॉशिंग मशिनं. लोक हसले. टाळ्या झाल्या. शाल घालून ते खाली बसणार, तेवढ्यात मीनल पहिल्या रांगेत उभी राहिली.

"भाऊजी, एक वाक्य राहिलं."

रमेशने नारळ दोन्ही हातांनी धरला होता आणि तो पहिल्यांदाच सरळ शशिकांतरावांच्या तोंडाकडे बघत होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आल्झो, हो तर, राहिलंच की," ते हसून म्हणाले. "मीनलवहिनी, आउटोबानवर त्याला गाडी सावकाश चालवायला सांगा."

सगळे पुन्हा हसले. रमेशने वाकून त्यांना नमस्कार केला, मागे जाऊन खुर्च्या गोळा करायला लागला. या वेळी कुणी त्याला अडवलं नाही. ती मंडळी गेली ती परत हॅनोव्हरात आली नाहीत.

त्या मार्चमधल्या मोजणीच्या दिवशी, चहाच्या वेळी शशिकांतरावांच्या पत्नी, संध्यावहिनी, हॉलच्या स्वयंपाकघरात होत्या. त्यांनी ऐकलं ते मला पुढे दोन वर्षांनी सांगितलं. शशिकांतरावांनी रमेशला विचारलं, आपला एक सुमेधाताईंकडे गेला तर काय होईल? रमेशने सांगितलं, आपलं काही जाणार नाही, विनयचा एक जाईल. "मग तू जा," शशिकांतराव म्हणाले, "लोकांना मी नंतर सांगतो." नियमात ते बसत होतं. नेकारसुल्मची नोकरी रमेशने त्यानंतर कित्येक महिन्यांनी जाहिरात बघून मागितली. सुमेधाताईंच्या नवऱ्याला तो कधी भेटलेला नव्हता. त्या कोपऱ्यात त्याला शशिकांतरावांनी पाठवलं होतं.