हरले की ‘ते’

आमच्या शहरातल्या पलासिया भागातला माझा न्हावी कमी बोलतो. पण आपला संघ परदेशात कसोटी खेळत असला की त्याचा एक कान मोबाइलच्या कॉमेंट्रीला आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या व्याकरणाला लागलेला असतो. परवा तिसऱ्याच दिवशी सामना गेला. मी चिडून म्हणालो, “हरले ते. नालायक आहेत.”

त्यानं वस्तरा थांबवला. “पिछली बार तुम्ही ‘आपण जिंकलो’ म्हणाला होतात, भिया. आता ‘ते’ कोण?”

“तू दाढी कर.”

“पहले बोला, आपण हरलो.”

मी संतापून उठलो. आरशात अर्ध्या गालावर फेस दिसला, बाहेर भर दुपारची गर्दी. दातओठ खात म्हणालो, “आपण हरलो.”

“बसा,” तो म्हणाला, पण वस्तरा त्यानं बाजूला ठेवला. हरल्याच्या रागानं त्याचा हात थरथरत होता.