दाराजवळचं लाल बटण

मी कंट्रोल्स इंजिनिअर. जे मीटरवर दिसत नाही, ते माझ्यासाठी नसतंच. असले गूढ अनुभव लिहिणाऱ्यांची मी याच ग्रुपवर भरपूर टिंगल केलीये... आता तुमची पाळी.

आम्ही एनिस या आयरिश गावाच्या बाहेर राहतो. शेजारच्या माईकचं गाईंचं फार्म आहे. त्याच्या शेडमधल्या जव भरडायच्या मशीनला मी मोटर चालू-बंद करणारा नवा कॉन्टॅक्टर बसवून देत होतो. हिरवं बटण दाबलं की मोटर सुरू, लाल दाबलं की बंद. लाल बटणं दोन — एक मशीनवर, एक दाराजवळ. सांगलीहून आलेली आई बघत होती, तिलाही हे समजावून सांगितलं.

मशीनवरचं बटण तपासून झालं, तेवढ्यात आईची घाई सुरू झाली. "आरं, बारानंतर राहुकाळ हाय. आधी नारळ फोड!" मी समजावल्यावर माईकनेही होकार दिला, "ग्रँड, ग्रँड, लेट हर!" हळदकुंकू झालं, नारळ फुटला आणि मी हिरवं दाबलं. दाराजवळचं बटण तपासायचं राहिलं. मोटरच्या पट्ट्यावरचं कव्हरही बसवायचं होतं.

माईक कौतुकाने वाकला आणि त्याच्या स्वेटरची बाही पट्ट्यात गेली. मी मशीनच्या पलीकडे गेलो होतो, तिथून बटणापर्यंत हात पोचेना. दाराजवळ आई होती. तिने लाल बटण दाबलं. खट्! मोटर थांबली.

बाही कोपरापर्यंत फाटली होती, हाताला नुसतं खरचटलं होतं. मला तिथेच रडू फुटलं.

चहा झाल्यावर मी दाराजवळचं ते बटण उघडलं. टेस्टिंगसाठी त्याच्या दोन टोकांना जोडलेला वायरचा तुकडा मी काढलाच नव्हता! तो असताना बटण दाबलं काय न दाबलं काय, सारखंच. रिकामं मशीन चालवून दहा वेळा दाबून पाहिलं. दहाही वेळा मोटर चालूच. जादा भाराने मोटर बंद करणारा ओव्हरलोड ट्रिप झाला नव्हता, दिवाही लुकलुकला नव्हता, म्हणजे वीजही गेली नव्हती. मग तेव्हाच कशी थांबली?

मी तो तुकडा काढला, सगळं पुन्हा तपासलं आणि माईकला माझी चूक सांगितली. आईला मात्र नाही. संध्याकाळी विचारलं, "तुला सुचलं कसं गं?"

"आता बघ! तूच म्हनलास न्हवं, लाल दाबलं की बंद हुतंय?"

मोटर कशी थांबली, ते मी अजून शोधतोय. रस्त्यात माईक भेटला की इथल्या पद्धतीने नमस्कार म्हणून स्टिअरिंगवरूनच एक बोट उचलतो. त्याच, वाचलेल्या हाताचं.