गैबीचा हात

रसिकहो, पडदा समोरच ताणलेला आहे. पांढरा, एका कोपऱ्यात ठिगळ लावलेला. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या राज्यातली शेवटची दोन-तीन वर्षं. मैदानावर तंबू, आत गॅसबत्त्या, पुढे पेटीवाला. बत्त्या मालवतात आणि त्या कापडावर येते आमची नायिका, गैबी शिकलगार.

गैबी आमच्याच नाटक मंडळीतला. नऊवारी नेसून विंगेतून निघाला की बायकांच्या बाजूची चुळबूळ थांबायची. पुढे एका चित्रकंपनीने त्याला नायिका म्हणून नेलं आणि तालमीतल्या गणपतराव पैलवानाला नायक म्हणून. बायका तेव्हा कॅमेऱ्यासमोर सहसा येत नसत. चित्रीकरणाच्या दिवशी मीही तिथे होतो, पुढच्या दृश्यासाठी दरबारी बनून उन्हात बसलेला. नायिका रुसलेली. नायकाने तोंड जवळ न्यायचं, तिने त्याला लोटायचं, इतकंच ठरलं होतं. गणपतरावाने तोंड नेलं ते थांबलंच नाही. ओठांवर ओठ टेकले. गैबीचा हात ठरल्याप्रमाणे वर गेला, पैलवानाच्या छातीवर आला आणि बोटं अंगरख्यात रुतली. तिथेच चित्रकंपनीच्या मालकांनी थांबवलं. फिल्म महाग, म्हणून पुन्हा घेतलं नाही.

नाटकात एखादी गोष्ट खटकली तर पुढच्या खेळाला आम्ही ती बदलत असू. इथे रोज तोच हात, तसाच. आणि कोल्हापूरकर तंबूतही नाटकाची सवय घेऊनच यायचे. "वन्समोअर!" झालं की ऑपरेटर मुकाट्याने फिल्म उलटी गुंडाळायचा.

"ढकलतीया बघ!"

"कुठली ढकलतीया? धरतीया की!"

"अरं, ती न्हवं, शिकलगाराचा गैबी हाय त्यो!"

मग हशा.

तालमीत पोरं चिडवायला लागली तेव्हा गणपतराव सरळ म्हणाला, "त्योच चिकटला. मी सुटाय बघत हुतो." पैलवानाचा शब्द. गावाला पटला.

गैबीचं लग्न ठरलं होतं, अत्तरवाल्या इकबालभाईंच्या मेहमुदाशी. मुलगी त्याच्या मनात भरली होती. तिच्यासाठी रंगभूमी सोडून सासऱ्याच्या दुकानात बसायलाही तो तयार होता. इकबालभाईंनी त्याला शेजारी बसवून चित्र बघितलं. त्यांच्यासमोरही वन्समोअर मागितला गेला, दोनदा. बाहेर आल्यावर म्हातारा माझ्यादेखत हळूच म्हणाला, "बेटा, ढकलत हुतो म्हन. एवढं एकच म्हन. जमातीचं मी बघतो."

गैबी आपला तळहात बघत राहिला. "चाचा, तुमच्यासंगं मीबी बघितलं. मलाबी कळंना."

"आरं, हात तुझाच हाय न्हवं?"

"व्हय. म्हनून तर खोटं सांगवंना."

इकबालभाई छत्री टेकत निघून गेले. मेहमुदा पुढे मिरजेला दिली. आमच्या मंडळीनेही गैबीला परत घेतलं नाही. शोकाच्या प्रवेशात तो आला तरी लोक हसतील, असं मालकीणबाई म्हणाल्या, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. त्याच्याइतका जीव ओतून बाईचं दुःख उभं करणारा नट मला पुन्हा दिसला नाही. लोकांनी मात्र त्याचा एक हात तेवढा लक्षात ठेवला.

वर्षभराने तो मला नेसरीच्या बाजारात भेटला. बापाचं चाक फिरवत विळ्यांना धार लावत होता. खांद्यावरचा पंचा घसरला की डाव्या हाताने पदरासारखा वर ओढायचा. बोलता बोलता मी सांगितलं की गणपतरावाला दुसरं चित्र मिळालं, जाहिरातीसाठी त्याला कोल्हापुरात घोड्यावरून मिरवलं.

चाक थांबलं. त्याने विळा बाजूला ठेवला. त्यानंतर आमची भेट झाली नाही, म्हणून तो जे बोलला ते जसंच्या तसं सांगतो.

"पंत, माझ्या हाताचं गावानं इचारलं, मालकांनी इचारलं, चाचांनी इचारलं. त्यानं तोंड का थांबवलं न्हाय, ते कुणी इचारलं का हो त्याला?"