बैलाला दिलेल्या गोळ्या

माझा थोरला भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. चामोर्शीकडचे म्हातारे अजून सांगतात, "माणूस भला होता, पण गोळ्या फेकल्या आन् नाकेदाराले कोंडवाड्यात घातलं." कोंडवाड्याचं खरं आहे. गोळ्या मात्र त्यानं फेकल्या नव्हत्या. त्या मी बैलाला चारल्या.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, कोर्टकचेरी सगळी चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला. दादाचं डोकं फिरलं तेव्हा त्याला नागपूरला नेलं. तिथल्या गोळ्यांनी तो भानावर आला, पण दिवसभर पेंगायचा. त्यात धानाची रोवणी तोंडावर. चिखलणीला माणूस कमी, आणि आमचा एक बैल मारका. मला वाटलं, गोळीनं माणूस एवढा निवतो, तर बैल का नाही?

दादाला म्हटलं, "आता तुले बरं आहे, गोळी नाई लागत." रोजची गोळी सरकीच्या ढेपेत कालवून बैलापुढे ठेवू लागलो. आठवड्यात दादा दोन माणसांचं काम करू लागला. बैलही शांत झाला. आता वाटतं, तो नुसता चिखलानं दमला असेल.

मग एका दुपारी जंगलखात्याचा नाकेदार जवळची वाट म्हणून आमच्या ताज्या रोवलेल्या धानाच्या बांधीतून आला. दादा बैल हाकायची तुतारी घेऊन त्याच्या मागे लागला.

"अबे, मी सरकारी माणूस आहो!"

"सरकारी रायो का खासगी, दुसऱ्याच्या धानात शिरलं का कोंडवाडा!"

त्याला गावच्या कोंडवाड्यात एक म्हैस आणि दोन बकऱ्यांसोबत कोंडलं आणि किल्ली बोडीच्या पाण्यात फेकली. आम्ही कुलूप तोडेपर्यंत बकरीनं नाकेदाराची टोपी अर्धी खाल्ली होती. वर दादा सगळ्यांना बजावत होता, "धनी आल्याबिगर सोडू नोका!"

कोर्टात सरकारी वकील म्हणाला, "गोळ्या घेत होता तोवर शहाणा होता. शहाणा असताना ज्यानं त्या सोडल्या, तो पुढच्या वेडालाही जबाबदार." मॅजिस्ट्रेटनं मला विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

मी खरं बोललो असतो तर दादा सुटला असता. पण मग बैलाचंही सांगावं लागलं असतं, आणि मागच्या बाकावर माझे होणारे सासरे बसले होते.

"त्यानंच फेकल्या, साहेब."

दादानं माझ्याकडे एकदा पाहिलं. "हाव साहेब. लय कडू होत्या."

तीन महिन्यांची सजा झाली.

सुटून आला तेव्हा अंगानं भरला होता. तुरुंगात गोळ्या वेळेवर मिळत. घरात शिरण्याआधी तो गोठ्यात गेला आणि बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "तुयी सजा मी काटून आलो गा." बैल वैरण खात राहिला. मी दारात उभा होतो. मला एवढंच म्हणाला, "जेवाले वाढ."

पुढे मरेपर्यंत गोळी तळहातावर घेतली की तो मला विचारायचा, "बैलाले दिली का?" घरातले हसायचे, त्यांना तो डोक्यातला फरक वाटायचा.

मीही हसायचो.