क्लिंगी

साखरपुडा झाला तेव्हा मी परळच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये कामाला होते. तो दादरचा, इंग्रजी शाळेत शिकलेला. मी लालबागच्या म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेतली. दुपारी डबा खाताना मी त्याला रोज फोन करायचे. जेवलास का, भाजी कसली होती, एवढंच.

एकदा तो हसत म्हणाला, "तू ना, खूप क्लिंगी आहेस."

हसत म्हणाला म्हणून मला वाटलं, लाडाचा शब्द असेल. क्यूटसारखा. अर्थ विचारायची लाज वाटली. मोबाइलवर बघता आला असता, पण बघावासा वाटला नाही. आवडला होता तो शब्द मला. घरी आईने विचारलं, "काय म्हणतात जावईबापू?" तर म्हटलं, "मला क्लिंगी म्हणतो," आणि आत पळाले.

पुढच्या महिन्यात त्याच्या घरी मित्र जेवायला आले. मलाही बोलावलं होतं. एकाने त्याला विचारलं, "मग, कशी आहे आमची वहिनी?" तो बोलायच्या आत मीच म्हणाले, "मी खूप क्लिंगी आहे!"

तो मित्र हसला. हा ताटात बघत राहिला.

त्याच्या मोठ्या बहिणीने मला पाण्याच्या निमित्ताने आत नेलं. "अगं, स्वतःबद्दल असं नाही बोलत."

"का? वाईट आहे शब्द?"

"म्हणजे... सारखी गळ्यात पडणारी. समोरच्याला नकोसं होईल इतकी. तुला कोण म्हणालं असं?"

"मैत्रीण," मी म्हणाले. मग तांब्या घेऊन बाहेर आले, सगळ्यांना पाणी वाढलं. त्यालाही.

दुसऱ्या दिवसापासून त्याला फोन करणं बंद केलं. वाटलं, त्याला चुकल्याचुकल्यासारखं होईल, तो विचारेल. डबा उघडायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे. नवव्या दिवशी त्याचा फोन आला.

"खरं सांगू? हे दिवस बरे गेले गं," तो म्हणाला. "मला वाटतं, नको आपण लग्न करायला."

मला भांडायचं होतं. पण भांडले असते, तर तेही चिकटणंच झालं असतं. "बरं," म्हटलं.

बाबांना कळलं तसे ते शर्ट चढवून दादरला निघाले. मी दारात आडवी उभी राहिले. "सर बाजूला, मी बोलतो त्यांच्याशी," ते म्हणत राहिले. मी हलले नाही. शेवटी ते उंबऱ्यावरच बसले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसू लागले. शेजारचे बघत होते. मी त्यांना चिकटून बसले.